लागलंय डोक्याला, बघताय डोळा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्यावर फुटतो आणि सायन-पनवेल महामार्ग आमच्या उशाशी येतो. त्यामुळे नवीन पनवेलच्या बालरोगतज्ज्ञाकडे डोक्याला मार लागलेली येतात ती मुलं सगळी रस्त्यावरच्या अपघातांतलीच, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यातली कितीतरी घरातूनच येतात. कुणी पलंगावरून पडलेलं, कुणी जिन्यावरून, कुणी संक्रांतीला पतंगापायी गच्चीवरून, कुणी मे महिन्यात आंब्याच्या झाडावरून. विचुंबे, सुकापूर, आकुर्लीहून रिक्षानं येतात. नेऱ्यापलीकडच्या वाड्यांतून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात. बहुतेकांना टेंगूळ आणि रडारड यापलीकडे काही झालेलं नसतं. उरलेल्या थोड्यांच्या कवटीत काहीतरी वाढत असतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. ही थोडी मुलं गर्दीतून लवकर वेगळी काढायला गेली काही वर्षं मी डोळ्याच्या सोनोग्राफीची मदत घेते. त्यातून जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. मुलांचे तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत.

१. प्रोब उचलण्याआधी बोलून घ्यायचं.

"किती उंचावरून पडला?" याचं उत्तर कुणी फुटांत देत नाही. आई हात स्वतःच्या कमरेशी नेते, "इथून." आजी छातीशी नेते. बाबा त्या वेळी कामावर असतात, पण बोलतात सगळ्यात जास्त तेच. म्हणून मी विचारते, कशावरून पडला? दिवाण, सोफा, ओटा, की जिना? जिना असेल तर किती पायऱ्या? स्वयंपाकघरातला ओटा साधारण पावणेतीन-तीन फुटांचा असतो, आणि तीन फूट ही रेघ महत्त्वाची आहे.

अमेरिकेतल्या 'पेकार्न' या गटानं २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ४२,४१२ मुलांचा अभ्यास छापला. मार लागूनही ही सगळी जवळजवळ पूर्ण शुद्धीवर असलेली, म्हणजे ग्लासगो स्केलवर १४-१५ गुण असलेली मुलं होती. मेंदूला खरोखर गंभीर इजा झालेली त्यांत निघाली ०.९ टक्के. त्यातून जे नियम आले ते आज जगभर वापरले जातात. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांपेक्षा आणि त्याहून मोठं मूल पाच फुटांपेक्षा उंचावरून पडलं असेल तर ते धोक्याचं एक कलम. बाकीची कलमंही अशीच साधी आहेत. शुद्ध हरपली होती का, मूल गुंगीत किंवा गोंधळलेलं आहे का. बाळ आईला नेहमीसारखं वाटतंय का, टेंगूळ कपाळ सोडून दुसरीकडे आहे का, कवटीचं फ्रॅक्चर हाताला लागतंय का. मोठ्या मुलाला उलट्या होतायत का, डोकं भयंकर दुखतंय का, कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं पडलंय का. यातलं काहीच नसेल तर सीटी स्कॅनची गरज नसते. कपाळावरचं टेंगूळ बघून घरच्यांचा जीव जातो, माझा जात नाही. कानाच्या वरच्या बाजूला लागलेलं मऊसर टेंगूळ मात्र मला आवडत नाही.

हे सगळं मशीनच्या आधी यायला हवं. मशीन आधी ओढणारे तरुण डॉक्टर मी पाहते. एकदा आकडा हाती आला की आईचं बोलणं ऐकू येईनासं होतं.

२. डोळ्यामागची नस मेंदूचीच असते.

"लागलंय डोक्याला आणि मॅडम डोळा का बघतायत?" हे हमखास विचारलं जातं. चिडून नाही, खरंच कोडं पडलेलं असतं म्हणून. मी सांगते ते असं. डोळ्याच्या मागून निघणारी ऑप्टिक नर्व्ह हा मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूवर जी आवरणं आहेत तीच तिच्यावर आहेत, आणि मेंदूभोवती जे पाणी खेळतं तेच त्या आवरणाच्या आत थेट डोळ्याच्या गोलकापर्यंत पोचतं. लेंग्याच्या नेफ्यात नाडी असते, तशी ही नर्व्ह त्या आवरणात, म्हणजे 'शीथ'मध्ये, असते. कवटीतला दाब वाढला की पाणी नेफ्यात ढकललं जातं. नाडी तेवढीच राहते, नेफा फुगतो. सगळ्यात जास्त फुगतो तो गोलकाच्या मागे तीन मिलिमीटरवर, म्हणून मापही तिथंच घ्यायचं.

नेफ्याची उपमा आज्यांना झटकन कळते. एलॅस्टिकच्या पँटा घालणाऱ्या त्यांच्या मुलांना आधी नेफा समजावून सांगावा लागतो.

यामागच्या विज्ञानात एक भारतीय नाव आहे, ते आमच्या विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असतं. पंजाबात जन्मलेले सोहन सिंग हयरेह. १९६४ साली त्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की कवटीतला दाब वाढवला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची नर्व्हची चकती सुजते, आणि नर्व्हच्या आवरणाला छेद देऊन दाब मोकळा केला की ती सूज ओसरते. दाब या वाटेनं डोळ्यापर्यंत येतो हे त्यातून पक्कं झालं. पण चकती सुजायला बरेच तास, कधी दिवस लागतात, आणि अपघातात आमच्यापाशी तेवढा वेळ नसतो. आवरण मात्र दाबाबरोबर लगेच रुंदावतं. ते सोनोग्राफीवर मोजता येईल हे १९९० च्या दशकात हेल्मके आणि हान्सेन या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं.

आणखी एक सोय आहे. चकती नीट बघायची तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या डोळ्यात ते घातले की बाहुलीची प्रतिक्रिया ही आमची सगळ्यात जुनी आणि भरवशाची खूण काही तासांसाठी हातची जाते. सोनोग्राफीला थेंब लागत नाहीत.

३. जेल कोमट हवं, आणि हाताचं वजन कपाळावर.

एसी चालू असलेल्या कॅज्युअल्टीत जेलची बाटली गारठलेली असते. ते जेल पापणीवर पडलं की मूल डोळा गच्च मिटतं, गोलक वर फिरतो आणि नर्व्ह पडद्यावरून गायब होते. आमच्या सिस्टर बाटली आधीच कोमट पाण्याच्या वाटीत उभी करून ठेवतात. मूल आईच्या मांडीवर किंवा खाटेवर, डोकं थोडं उंच, मान सरळ. मिटलेल्या पापणीवर जेलचा चांगला जाड थर, इतका की प्रोब जेलवर तरंगला पाहिजे. माझी करंगळी आणि तळहाताची कड मुलाच्या कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकलेली असते. वजन तिथं पडतं, डोळ्यावर नाही. डोळा दाबला गेला तर माप तर चुकतंच, शिवाय नाडी मंदावू शकते.

प्रोब लांबट सपाट तोंडाचा, जास्त फ्रीक्वेन्सीचा. शिरा बघायला वापरतात तोच. मशीनचं सेटिंग मात्र डोळ्याचंच लावायचं. पोटासाठीची ताकद डोळ्याला चालत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्स या ताकदीच्या मापाची मर्यादा ०.२३ ठेवली आहे, आणि इतर सेटिंगवर मशीन ती सहज ओलांडतं.

पडद्यावर डोळा काळ्या गोळ्यासारखा दिसतो. वरच्या बाजूला भिंगाची चकाकती कड, तळाला डोळ्याच्या मागच्या पडद्याची पांढरी रेघ आणि तिच्या मागून खाली उतरणारा काळपट पट्टा. तीच नर्व्ह. दोन्ही बाजूंना आवरणाच्या फिक्या कडा. मूल हलणारच. ते स्थिर राहावं म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. मशीन शेवटची काही सेकंदं साठवून ठेवतं. तेवढ्यात मुलाची नजर एकदा सरळ झाली की पुरे. मग फ्रीझ करून चित्रं एकेक मागे न्यायची आणि कडा स्वच्छ दिसतात ते चित्र निवडायचं. गोलकाच्या मागच्या कडेपासून ३ मिलिमीटर खाली एक खूण, तिथं आडवी रेघ. प्रत्येक डोळ्याची दोन मापं घेऊन सरासरी. मोबाइलवरचं कार्टून वडिलांनी नेमकं माझ्या डोक्याच्या वर धरलं तर नजर आपोआप सरळ होते. बाजूला धरलं की सगळं मुसळ केरात.

४. साडेचार हा आकडा कुठून आला ते विचारायचं.

मुलांमध्ये आवरणाची रुंदी ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे दाब वाढला, असं वाक्य प्रत्येक कार्यशाळेत कानावर पडतं. हा आकडा मुख्यतः ग्लासगोच्या न्यूमन आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या अभ्यासातून रूढ झाला. त्यातली २३ मुलं डोक्याला मार लागलेली नव्हती. मेंदूत पाणी साचत असल्यानं ते काढून देणारी शंट ही नळी बसवलेली ती मुलं होती. त्यांच्या मापांची सर्वसाधारण मुलांच्या मापांशी तुलना करून लेखकांनी सांगितलं की एक वर्षावर ४.५ आणि एक वर्षाखाली ४.० ही नॉर्मलची वरची हद्द धरावी.

२०१६ साली केप टाउनच्या रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे न्यूरोसर्जन पदयाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आवरण मोजलं आणि त्याच मुलांच्या कवटीतला दाबही थेट मोजला. दाब २० मिलिमीटर पारा किंवा त्याहून जास्त आहे हे ओळखायला त्यांचा आकडा निघाला ५.५ च्या आसपास. एक वर्षापर्यंतच्या मुलांत थोडा कमी, मोठ्यांत थोडा जास्त.

एकीकडे साडेचार, एकीकडे साडेपाच, मग खरं कोण? माझ्या मते दोघंही, कारण दोघांचे प्रश्न वेगळे होते. ग्लासगोनं विचारलं, नॉर्मल कुठे संपतं? केप टाउननं विचारलं, धोका कुठे सुरू होतो? मधला एक मिलिमीटर हा आमच्या रोजच्या कामाचा प्रदेश आहे, आणि तिथं पाटी लावलेली नाही. शिवाय एकाच मुलाचं माप दोन डॉक्टरांनी घेतलं तर दोन-तीन दशांशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे ४.४ आला म्हणून सुस्कारा आणि ४.६ आला म्हणून धावपळ, हे दोन्ही मला हास्यास्पद वाटतं. मी स्वतः एक वर्षावरच्या मुलात साडेचारच्या खाली असेल तर आकड्याला बाजूला ठेवते, साडेपाचच्या वर असेल तर फोन उचलते, आणि मधे असेल तर पुन्हा मोजते.

५. अरुंद आवरण म्हणजे परवाना नव्हे.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आवरण दाब दाखवतं, रक्तस्राव दाखवत नाही. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचायला नुकती सुरुवात झाली असेल, तर मूल बोलतं, बिस्कीट मागतं, आवरणही नॉर्मल असतं. दाब वाढतो तो नंतर, आणि वाढू लागला की भराभर वाढतो.

जिन्यावरून पडलेला सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. कानाच्या वर टेंगूळ, येईपर्यंत तीन उलट्या, स्वभावानं बडबड्या असूनही गप्प. दोन्ही डोळ्यांची मापं चारच्या आत. वडिलांनी पडद्यावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "मग आता सीटी नको ना?" मी म्हटलं, "सीटी कराच." टेंगळाच्या बरोबर खाली रक्ताचा पातळ थर होता. न्यूरोसर्जननं ऑपरेशन न करता लक्ष ठेवलं आणि तो सुखरूप घरी गेला. सोनोग्राफीच्या भरवशावर त्याला घरी पाठवलं असतं, तर ती रात्र कशी गेली असती ते सांगता येत नाही.

उलट्या बाजूनंही आकडा फार सज्जन नाही. २००९ साली 'ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला ६४ मुलांचा अभ्यास आला. कवटीतला दाब वाढला असावा अशी शंका असलेली ती मुलं होती. दाब वाढलेल्यांपैकी ८३ टक्के सोनोग्राफीनं पकडली, पण दाब न वाढलेल्यांपैकी फक्त ३८ टक्क्यांनाच तिनं बरोबर नॉर्मल ठरवलं. नवख्यानं अशा आकड्यावर एकट्यानं निर्णय घेऊ नये, एवढं त्यातून कळतं.

सीटीचे किरण लहान मुलाला द्यायचे ते विचार करूनच. ब्रिटनमधल्या मुलांवरच्या २०१२ सालच्या अभ्यासात लहानपणच्या सीटीनंतर रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसला. पण सीटी टाळण्याचं काम पहिल्या कलमातले प्रश्न करतात. सोनोग्राफी ते काम करत नाही. ती गरज असलेल्या मुलाला रांगेत पुढे नेते.

६. एका मुलाचे दोन आकडे, दोन मुलांच्या दोन आकड्यांपेक्षा जास्त बोलतात.

आठेक वर्षांची मुलगी. स्कूटरवर पुढे उभी, दोन्ही हातांनी आरसे धरून. समोरच्या टेम्पोनं ब्रेक मारला आणि ती उडून दुभाजकावर आपटली. आली तेव्हा हाकेला डोळे उघडत होती, प्रश्नांना एकेका शब्दात उत्तरं देत होती. आवरण ४.७, म्हणजे मधल्याच प्रदेशात. सीटीच्या टेबलावर आधीचा पेशंट होता. तिथं बाहेर ट्रॉलीवरच पुन्हा मोजलं तर दोन्ही डोळे ५.५, आणि मॉनिटरवरची नाडी मघापेक्षा सावकाश. बाहुल्या अजून सारख्या होत्या. ती हाकेला उत्तर देत होती, फक्त उशिरा. तिच्या आईला काहीच बदल वाटत नव्हता. मुलीचं दुखणं थांबून तिला झोप लागतेय असंच आईला वाटत होतं.

डोकं तीस अंश वर, मान सरळ, मानेची पट्टी गळ्याच्या शिरा दाबत नाही ना ते बघून, तीन टक्क्यांचं सलाईन सुरू आणि न्यूरोसर्जनला फोन. मग सीटी. रक्ताची मोठी गाठ निघाली आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. ४.७ नं मला काहीच सांगितलं नव्हतं, ४.७ चे ५.५ झाले, त्यानं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे दाखल झालेल्या मुलाचं माप एकदाच घेऊन सोडत नाहीत. उतरत्या आकड्याकडे मात्र मी थोड्या संशयानंच बघते. फार ताणलं गेलेलं आवरण दाब उतरला तरी पूर्ववत अरुंद होतंच असं नाही.

जाता जाता हेल्मेटचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. शाळा सुटायच्या वेळी नवीन पनवेलच्या कुठल्याही चौकात उभं राहून असा पट्टा शोधून दाखवावा.

७. डोळा सुजून बंद झाला असेल तेव्हा सोनोग्राफी सगळ्यात जास्त उपयोगी, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त सांभाळून.

भुवईवर आपटलेल्या मुलाची पापणी तासाभरात इतकी सुजते की बोटांनी उघडत नाही. बाहुली बघायची कशी? प्रोब तिरका धरून बंद पापणीतून बाहुलीचं वर्तुळ पडद्यावर आणता येतं. दुसऱ्या डोळ्यात टॉर्च मारला की ते वर्तुळ आकसताना दिसतं. हे पहिल्यांदा पाहणारे निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, पुढचे दोन दिवस प्रत्येकाला तेच सांगत फिरतात.

पण डोळ्याचा गोलकच फुटल्याची शंका असेल, म्हणजे काच लागलेली, तार घुसलेली, बाहुली वेडीवाकडी झालेली असेल, तर प्रोब लावायचाच नाही. डोळ्यावर कडक कवच ठेवायचं आणि नेत्रतज्ज्ञांना बोलवायचं. पनवेलला डोळ्यांची चांगली हॉस्पिटलं आहेत, या बाबतीत आम्ही नशीबवान.

८. रडणाऱ्या मुलाचं माप रडणं थांबल्यावर घ्यायचं.

रडताना, कुंथताना आवरण तात्पुरतं रुंदावू शकतं. दोन मिनिटं थांबायचं. जो मुलगा रडायचा थांबतच नाही त्याची मला तशी कमी काळजी वाटते.

९. टाळू उघडी असेल तर आधी तिला विचारायचं.

पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. ती उघडी आहे तोवर कवटीला थोडी सवड असते. दाब तिथून वाट काढतो आणि डोळ्यामागचं आवरण त्या मानानं उशिरा फुगतं. बाळाला उभं धरून, शांत असताना टाळूवर बोट फिरवायचं. ती फुगलेली, ताणलेली लागली तर डोळ्याचा आकडा काहीही असो, टाळूचं ऐकायचं. हे बोट आमच्या आज्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं, रोज तेल भरताना त्यांना ती टाळू पाठ झालेली असते. "आज टाळू वेगळी लागतेय" असं आजी म्हणाल्या तर मी वाद घालत नाही.

याच वयाच्या बाळांसाठी चाकांचा वॉकर घेतात. कॅनडात त्याच्या विक्रीवर २००४ पासून बंदी आहे. आमच्याकडे तो बारशाला भेट म्हणून येतो, आणि रो-हाउसच्या जिन्यावरून बाळासकट खाली.

१०. मशीनला कायदा आहे.

परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं, मशीन खिशात ठेवा, रुग्ण असेल तिथं वापरा. इथं तसं नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, त्याची मोठी दुरुस्ती २००३ ची. त्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. मी मशीन मुलांचे डोळे बघायला घेतलं, गर्भाशी माझा काही संबंध नाही, हे कारण चालत नाही, कारण त्याच मशीनला दुसरा प्रोब लावला की झालं. नोंदणीसाठी महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे अर्ज, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं, गर्भलिंग सांगितलं जात नाही हा फलक भिंतीवर, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल. २०१२ च्या नियमांनंतर पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर काढता येत नाही. अपवाद फिरत्या वैद्यकीय पथकांचा. म्हणजे शेजारच्या हॉस्पिटलमधून फोन आला तरी मी मशीन गाडीत घालून जाऊ शकत नाही. चालवायचं तेही प्रमाणपत्रावर ज्यांची नावं आहेत त्यांनीच.

मुलांचा दवाखाना चालवणाऱ्याला याचा जाच होतो, हे खरं आहे. फॉर्म भरताना माझीही चिडचिड होते. पण असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानं केला आणि त्याला कारण होतं. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ झाल्या. हे आकडे ज्या मशीननं घडवले तेच माझ्या हातात आहे, तेव्हा त्याची वही लिहायला लागते याची तक्रार मी फार मोठ्यानं करत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पहाटे तीनला, मी पोचेपर्यंत, प्रोब कुणी उचलणार नाही. तोवर जे करायचं ते आरएमओ आणि सिस्टरांनी: दर पंधरा मिनिटांनी ग्लासगो स्कोअर, टॉर्चनं बाहुल्या, नाडी, रक्तदाब. म्हणून आमच्याकडे नव्या आरएमओला आधी टॉर्च शिकवतात.

११. झोपू द्या त्याला.

डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही, हा समज इतका पक्का आहे की रात्री अकरा वाजता दोन वर्षांच्या पोराच्या तोंडावर पाणी मारत रिक्षातून आणतात. ते बिचारं मारानं कमी आणि झोपेनं जास्त पेंगलेलं असतं, आणि मग खरी गुंगी कुठली ते मलाही कळत नाही. तपासणी होऊन सगळं ठीक असेल तर झोपू द्यावं. आम्ही सांगितलेल्या वेळी हाक मारून बघावं की ते कुरकुरतं, कूस बदलतं, आईला ओळखतं. तसंच जखमेत हळद दाबणं आणि फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवणं हे अजून चालू आहे. हळद धुवून काढता येते. फिटमध्ये तोंडात चमचा घालून पाडलेला दात परत बसवता येत नाही.

१२. हकीकत आणि इजा जुळत नसेल तर आवाज न चढवता पुढचं काम करायचं.

अजून पालथं पडता न येणारं बाळ स्वतःहून पलंगावरून पडलं, असं सांगतात. टेंगूळ नाही, आवरण मात्र रुंद. अशा वेळी सोनोग्राफीचं काम तिथंच संपतं. डोळ्याच्या पडद्यावरचे बारीक रक्तस्राव तिच्यात नीट दिसत नाहीत, त्यासाठी योग्य वेळ बघून नेत्रतज्ज्ञांनीच तपासावं लागतं. सीटी, हाडांचे एक्स-रे, पोलिसांसाठीची एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद, सगळं रीतसर. बाळाला दाखल करायचं म्हणजे ते त्या रात्री त्या घरात नसतं. आईशी बोलायचं तर एकटीशी. दहा माणसांच्या घोळक्यात खरं काय झालं ते कुणी सांगत नाही.

१३. चिठ्ठीवर आकडा लिहायचा तो वेळेसकट.

आमच्याकडून पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं तर कुणी कामोठ्याला जातं, कुणी सायनला, कुणी परळच्या वाडियाला. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण पावसाळ्यात सायन-पनवेलवर गाड्या उभ्या असतात तेव्हा तीही उभी असते. दीड तासांनी तिथला डॉक्टर चिठ्ठी उघडतो, तेव्हा त्यावर नुसतं 'आवरण ५.३' असेल तर त्याचा त्याला उपयोग शून्य. म्हणून आता मी ठरलेल्या क्रमानं लिहिते: कधी पडला, कशावरून, शुद्ध हरपली का, इथं आला तेव्हा ग्लासगो किती, निघताना किती, बाहुल्या, उजवा डोळा, डावा डोळा, किती वाजता, मूल रडत होतं की शांत, आधीचं माप असेल तर ते आणि त्याची वेळ, काय औषध दिलं आणि माप त्याच्या आधीचं की नंतरचं. मोजलेलं चित्र वडिलांच्या मोबाइलवर घेऊन देते, त्यावर रेघ कुठे मारली ते दिसतं. पूर्वी एक न्यूरोसर्जन फोनवर बाहुल्या विचारायचे, ग्लासगो विचारायचे आणि "पाठवा" म्हणून फोन ठेवायचे. डोळ्याच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो अजूनही पूर्ण बसलेला नाही. पण हल्ली फोन ठेवण्याआधी विचारतात, "शीथ किती आलं? आणि त्याआधी किती होतं?"